जुन्या डिझेल फोर बाय फोरचा आवाज: कसा येतो ते राहू द्या, कधी बदलतो ते सांगा

ऐरोलीच्या एका दादांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. २०१४ ची डिझेल फोर बाय फोर सेकंड हँड घेतली, मीटरला १ लाख १८ हजार, मूळची दिल्लीची, एनओसी काढून आता एमएच-४३ झालीये. दोन महिने नाही झाले तर चार आवाज. सकाळी चालू केली की बॉनेटखालून टकटक, चार-पाच मिनिटांत आपोआप जाते. पन्नासच्या वर गेली की गूंऽऽ असं काहीतरी घुमतं. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये फुल स्टेअरिंग मारलं की पुढून कट-कट-कट. आणि पहिल्या गिअरवरून रिव्हर्सला टाकून क्लच सोडला की खालून एक ठक्. तीन गॅरेज झाली, एक म्हणतो इंजिन उघडा, दुसरा म्हणतो डिफरन्शियल (एक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा), तिसरा म्हणतो गिअरबॉक्स, तिघांचा मिळून आकडा एक लाख साठ हजार. "यातलं नेमकं काय करू, की गाडीच काढून टाकू?"

गाडी काढू नका, निदान या उत्तरापुरती तरी थांबा.

माझं गॅरेज तुर्भ्याला एमआयडीसीत, बावीस वर्षं झाली, त्यातली पंधरा तरी डिझेल आणि फोर बाय फोरच्या खाली झोपण्यात गेली. तिन्ही गॅरेजवाले चोर आहेत असं मी म्हणणार नाही. होतं काय, गिऱ्हाईक येऊन सांगतो "गाडी आवाज करते", आणि कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात तसं ज्याचा हात इंजिनात बसलाय त्याला इंजिन ऐकू येतं आणि गिअरबॉक्सवाल्याला गिअरबॉक्स. तुम्ही चार वेगळे आवाज एका पिशवीत घालून नेलेत आणि प्रत्येकाने पिशवीत हात घालून आपल्या आवडीचा उचलला.

तर पहिलं म्हणजे चार आवाज चार वेगळे धरायचे. आणि दुसरं, जे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आवाजाची नक्कल करून दाखवू नका. टकटक, खटखट, टिकटिक हे प्रत्येकाच्या तोंडी वेगळं असतं, माझ्याकडे एक आजोबा यायचे ते प्रत्येक आवाजाला "कुरकुर" म्हणायचे, एकदा ती कुरकुर म्हणजे सुटलेला सायलेन्सर निघाला. मला आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो ते हवं असतं. इंजिनच्या आरपीएमबरोबर? गाडीच्या स्पीडबरोबर? एक्सलरेटर दिला-सोडला की? स्टेअरिंग वळवलं की? खड्ड्यात? ब्रेकवर? गरम झाल्यावर? एवढं नीट सांगितलंत तर अर्धी गाडी न उघडता बाद होते.

याच्यामागे साधं गणित आहे, आकडे कंटाळवाणे वाटतील पण एकदा बघाच. १६ इंची रिमचा एसयूव्ही टायर धरा, २३५/७० वगैरे, त्याचा घेर साधारण २.३ मीटर. ६० च्या स्पीडला ते चाक सेकंदाला ७ वेळा फिरतं. मागच्या डिफरन्शियलचा रेशो ४ च्या आसपास धरला (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार) तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे ताकद नेणारा लांब दांडा, सेकंदाला २८-३० वेळा फिरतोय. म्हणजे चाकात काही अडकलं, डिस्कच्या पत्र्यात खडा बसला किंवा टायर एका जागी फुगला, तर ६० ला घप-घप-घप मोजता येईल अशा चालीने येतं, आणि शाफ्टचं काही असेल तर ते मोजता येत नाही, सीटला आणि फ्लोअरला झिणझिणी येते. इंजिनचंही तसंच. ८०० आरपीएमच्या आयडलला, म्हणजे एक्सलरेटर न देता, चार सिलेंडरचं इंजिन सेकंदाला २६-२७ वेळा पेट घेतं, म्हणून त्याचा सलग घरघराट ऐकू येतो, पण त्यातला एकच सिलेंडर वाजत असेल तर तो सेकंदाला साडेसहा-सात वेळाच वाजणार, तो घरघराटातून वेगळा उठून येतो. कान तयार झाला की हे मोजावं लागत नाही, आमच्याकडचा पोरगा शाळा अर्धी सोडून आलाय पण गाडी गेटमधून आत येताना सांगतो की एकच सिलेंडर बोलतोय.

आता आवाज फसवतो कसा ते. या गाड्यांना खाली लॅडर चेसिस, म्हणजे लोखंडी शिडीच की, एका टोकाला ठोका दुसऱ्या टोकाला कान लावा. मागच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, आवाज ड्रायव्हरला गिअर लिव्हरखालून येतोय असं वाटणं रोजचं आहे. मी स्वतः यात तोंडावर पडलोय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका काकांची गाडी आली, साठला घुमते म्हणून. मी एक राउंड मारला, मागून येतंय, डिफरन्शियल, ठरलं. दोन दिवस घालवून पिनियनची, म्हणजे डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेल्या लहान गिअरची, बेअरिंगं बदलली, सगळं सेटिंग करून बसवलं, काकांना शेजारी बसवून ऐटीत सायन-पनवेल हायवेला घेतली. साठ झाले आणि तोच आवाज. मी गप्प, काका गप्प. पुढे काँक्रीट संपून डांबर लागलं आणि आवाजाचा सूर खाली आला, परत काँक्रीट आलं, परत वर. पिनियन बेअरिंगला रस्ता काँक्रीटचा की डांबराचा हे कुठून कळणार? टायर होते, मागचे दोन्ही, करवतीसारखे झिजलेले. बेअरिंगचे पैसे मी खिशातून भरले. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, घुमण्याची तक्रार असेल तर टायरवर हात फिरवल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

तुमच्या चार आवाजांकडे येतो. पहिली सकाळची टकटक, आणि इंजिन उघडायचा सल्ला.

माझ्या मते इथे घाई झालीये. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. इंजिन थंड असलं की फवारल्यापासून पेटेपर्यंत जरा जास्त वेळ जातो, तेवढ्यात डिझेल साठतं आणि मग एकदम भडकतं, तोच तो कडक ठोका. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या सिलेंडरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या हल्लीच्या इंजिनांत, मुख्य फवाऱ्याआधी थोडंसं डिझेल सोडून हा ठोका मऊ करतात, तरी सकाळी तो थोडा राहतोच. तेव्हा थोडी टकटक हा डिझेलचा स्वभाव आहे, पेट्रोलवरून आलेल्या माणसाला ती आजारासारखी वाटते.

पण तुमच्याकडची टकटक स्वभावापेक्षा जास्त आहे असं धरू. तरी ती गरम झाल्यावर जाते हे तुम्हीच लिहिलंय आणि माझ्यासाठी सगळ्यात मोलाची ओळ तीच. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असेल, ज्याला आपण इंजिन बसलं म्हणतो, तर ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावर आवाज वाढतो. तो जड असतो, ठक ठक, लोडवर उठून येतो, आणि बऱ्याचदा आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो. तुमचं बरोबर उलटं आहे. गरम झाल्यावर कमी होणाऱ्यांत माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणारा लोखंडी पाइप) गॅस्केटवर किंवा तो धरून ठेवणाऱ्या तुटलेल्या स्टडवर. थंड असताना फट असते, तिथून गॅस चट-चट करून बाहेर पडतो, लोखंड तापून फुगलं की फट बुजते. हा आवाज इतका हुबेहूब टॅपेटसारखा, म्हणजे व्हॉल्व्हच्या टिकटिकीसारखा, येतो की चांगले मिस्त्री फसतात. काळ्या काजळीची रेघ कुठे उमटलीये का बघा, बॅटरी म्हणजे टॉर्च घेऊन, गाडी थंड असताना. आणि एक हातभर रबरी पाइप घ्या, एक टोक कानाला, दुसरं जॉइंटवरून फिरवा, फुटलेली जागा आली की कानात कोणी थुंकल्यासारखं होतं. गॅस ऐकायला पाइप, लोखंड ऐकायला लांब स्क्रू ड्रायव्हर, मूठ कानामागच्या हाडाला टेकवून. स्टेथोस्कोप मिळतो, माझ्याकडे आहे पण मी स्क्रू ड्रायव्हरच वापरतो. फॅन आणि बेल्टपासून बाही आणि केस लांब ठेवा म्हणजे झालं.

दुसरा संशय इंजेक्टरच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नळीच्या, खालच्या कॉपर वॉशरवर. तो लीक झाला की चफ-चफ-चफ असा आवाज येतो, आगगाडीच्या इंजिनासारखा, आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखं काळं कडक कीट जमतं. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढा, चारही इंजेक्टर बघा, एकाच्याच भोवती डांबर असेल तर सापडला. थोडं साबणाचं पाणी सोडलं तर बुडबुडे येतात. हे लवकर पकडलं तर काम वॉशरचं, दोन वर्षं तसंच चालवलं तर खालची सीट खाल्ली जाते आणि इंजेक्टर कीटात असा चिकटतो की तो काढताना घाम फुटतो. मात्र हा आवाज गरम झाल्यावर पूर्ण जात नाही सहसा, त्यामुळे तुमच्या बाबतीत दुसऱ्या नंबरवर.

इथे एक गोष्ट दरडावून सांगतो. जुन्या पंपाच्या डिझेल गाड्यांत मिस्त्री लोक चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून कुठला सिलेंडर वाजतो ते बघायचे. कॉमन रेलवर हे कोणालाही करू देऊ नका, आणि स्वतः तर नाहीच. आयडललासुद्धा रेलमध्ये दोन-अडीचशे बार प्रेशर असतं, जोरात हजाराच्या कितीतरी वर जातं, ती डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येते. स्कॅनर लावून एकेक सिलेंडर बंद करता येतो, इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे परत येणारं डिझेल, बाटल्यांत मोजता येतं, दोन्ही कामं अर्ध्या-एक तासाची. ज्या गॅरेजकडे स्कॅनर नाही आणि तरी इंजिन उघडायला तयार आहे, तिथून चावी परत घ्या.

टायमिंग चेन असेल तर चालू करताना दोन-तीन सेकंद खर्रर्र होऊन गप्प होणं म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरमध्ये ऑइल पोचायला वेळ लागला, ते रोजच होऊ लागलं की बघायचं. आणि बेल्टकडचा आवाज असेल, अल्टरनेटर, आयडलर, एसीची पुली, तर बेल्ट काढून अर्धा मिनिट जागेवर चालवायची. गेला आवाज? मग इंजिनला हात लावायची गरज नाही. फक्त जागेवरच, कारण काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो.

दुसरा आवाज, घुमणं. याला मला तुमचा रविवारचा अर्धा तास हवाय. सकाळी सहाला पाम बीच रोडला या, रस्ता रिकामा आणि सरळ असतो, ट्रकही नसतात. एसी बंद, ब्लोअर बंद, काचा अर्ध्या खाली, शेजारी एक शांत माणूस. साठला न्या आणि क्लच दाबा, गिअर न्यूट्रल, गाडी वाहू द्या. इंजिन बंद करायचं नाही, चावीला हातसुद्धा नाही, स्टेअरिंग आणि ब्रेक जड होतात. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच बाद, आणि तिसऱ्या गॅरेजचा गिअरबॉक्सही बराचसा बाद. मग परत गिअरमध्ये, एक्सलरेटर दिला की घुमतं आणि सोडला की बंद होतं, किंवा उलट, असं असेल तर डिफरन्शियलचा क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली मोठ्या-लहान गिअरची जोडी. लोडप्रमाणे सूर बदलणं ही त्याचीच खूण. दिलं काय सोडलं काय काही फरक नाही, तर टायर किंवा हब बेअरिंग, फार तर पिनियनचं बेअरिंग.

टायर आणि हब वेगळे करायला रस्ता पूर्ण रिकामा असताना हळूच डावी-उजवी लाट घ्यायची, झटका नाही. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं, म्हणून डावीकडे घेताना आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे घेताना वाढला तर डावं. शंभरातला शंभर वेळा नाही, पण बहुतेक वेळा जमतं. लाटेने काही होत नाही पण रस्त्याचा पोत बदलला की सूर बदलतो, तर टायर, माझ्या त्या काकांसारखा.

टायरची तारीख बघितलीत का? साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. तुमची गाडी दिल्लीची आहे म्हणून विचारतोय. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घालणारा २०१५ चा हरित लवादाचा आदेश आला आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तोच धरला, तेव्हापासून दहा वर्षं होत आलेल्या डिझेल गाड्या मातीच्या भावात निघायला लागल्या आणि आपल्याकडे आल्या. गाड्या वाईट नसतात, उलट आपल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीपेक्षा चेसिस स्वच्छ असते, पण डीलरच्या आवारात सहा-आठ महिने एका जागी उभ्या राहिलेल्या असतात. टायर कडक होतात, ग्रीस सुकतं, हब जॅम होतात. तुमच्या चारपैकी तीन आवाजांचं मूळ मला याच उभं राहण्यात दिसतं, सांगतो पुढे. तर ट्रेडवरून तळहात फिरवा, आधी पुढून मागे, मग मागून पुढे. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीचे दात लागले तर पुढचे टायर मागे, मागचे पुढे टाकून परत एक चक्कर मारा. आवाजाची जागा बदलली तर पंधराशेचं नाही, शंभर-दोनशेचं निदान झालं.

हबसाठी चाक उचलून हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर किंवा नकलवर (चाक धरणारा लोखंडी भाग) ठेवा. कानाला कळत नाही ते बोटांना कळतं, बेअरिंग खराब असेल तर वाळू दळल्यासारखं लागतं. हे करताना नुसत्या जॅकवर नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावा. आणि मागचं एकच चाक उचलून गाडी गिअरमध्ये कधीही चालवू नका. मागे लिमिटेड स्लिप किंवा लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारं डिफरन्शियल, असेल तर जमिनीवरचं चाक गाडी ढकलतं आणि ती जॅकवरून उडी मारते, मी हे घडताना पाहिलंय, समोरच्या भिंतीचं प्लॅस्टर अजून दाखवतो.

डिफरन्शियल उघडण्याआधी त्याचं ऑइल बघायला वीस मिनिटं लागतात. फिलर प्लग काढा, करंगळी घाला. दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी गेलंय. आपल्याकडे हे फार होतं, पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी नेली, गरम हाउसिंग एकदम थंड झालं, आत हवा आकसली आणि ब्रीदर, म्हणजे हवा जायची नळी, तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं गेलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी मऊ पेस्ट असेल तर ते नेहमीचं, बोटांत चुरून बघा. चकचकीत पापुद्रे किंवा तुकडे लागले तर मग दुसऱ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं. ऑइल भरताना मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, लिमिटेड स्लिपचं वेगळं असतं, साधं टाकलं तर हळू वळणावर ती घुरघुरते आणि अजून एक आवाज वाढतो.

तिसरा, बेसमेंटमधली कट-कट. इथे मला एक प्रश्न विचारायचाय, रागावू नका. गाडी फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद, अशी तर नाही ना?

हसण्यावारी नेऊ नका, वर्षातून तीन-चार जण येतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचं असतं. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये मधे डिफरन्शियल नसतं, फोर हाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. चिखलात, वाळूत टायर थोडा घसरून हिशोब मिटवतो. बेसमेंटच्या कोरड्या काँक्रीटवर तो घसरू शकत नाही, मग सगळं पिळवटत जातं आणि कुठेतरी कडाक् करून सुटतं. गाडी अडल्यासारखी, मागे कोणी धरल्यासारखी वाटते का? तसं असेल तर हेच. तुमचं नॉब टू हायवरच, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, आहे असं धरलं, तरी आतली गाडी टू हायमध्ये आहे याची खात्री नॉब देत नाही. उभ्या राहिलेल्या गाडीत अ‍ॅक्च्युएटर किंवा हब लॉक, म्हणजे पुढची चाकं शाफ्टला जोडणारी-सोडणारी कळ, अर्धवट अडकतात. अर्धवट लागलेला हब दातावर दात घासून नेमका तुमच्यासारखा कट-कट-कट वाजतो.

हे बघायला खडू पुरतो. पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा, गाडी टू हायमध्ये, दहा फूट पुढे घ्या, बाहेरून कोणाला तरी बघायला सांगा, गाडीखाली नाही. हब सुटलेले असतील तर तो शाफ्ट जवळजवळ उभाच राहायला हवा. फिरला तर हब लागलेले आहेत. ऑटो हब असतील तर टू हायमध्ये टाकून चार-पाच मीटर सरळ रिव्हर्स घ्या, बऱ्याचदा सुटतात. आता इथे सगळं तुमच्या गाडीवर आहे, कारण काही मॉडेलना पुढे हब लॉक नसतातच, तो शाफ्ट कायम फिरतो, तिथे खडूची परीक्षा लागू नाही. तुमच्या हबवर फिरवायची टोपी आहे, बंद टोपी आहे की काहीच नाही, याचा एक फोटो पाठवलात तर लगेच सांगेन.

हे सगळं ठीक निघालं तर सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढचं चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद देणारा सांधा. फुल स्टेअरिंगवर आणि थोडा जोर दिल्यावरच कट-कट, सरळ रस्त्यावर गप्प, ही त्याची सवय. चाक पूर्ण वळवून रबरी बूट बघा, फाटला असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसतील. बूट नुकताच फाटलेला असेल तर धुऊन, ग्रीस भरून, नवा बूट घालून चालतं. वाजायला लागल्यावर नुसता बूट बदलणं म्हणजे दात पडल्यावर घासणं. आणि जाता जाता, चारही टायर एका साइजचे आणि साधारण सारख्या झिजेचे आहेत ना ते बघा. स्टेपनी वेगळ्या साइजची असेल तर ती लावून फोर बाय फोर टाकू नका.

चौथा, ठक्. हा मला सगळ्यात सोपा वाटतो. इंजिनपासून चाकापर्यंत ताकद जाताना पाच-सहा जोड येतात आणि प्रत्येकात थोडा थोडा प्ले असतो. पुढे-मागे दिशा बदलली की हा सगळा प्ले एकदम भरून निघतो आणि एकच ठोका ऐकू येतो. म्हणून थोडा ठक् या गाड्यांत असतोच. जास्त असेल तर पहिला संशय प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या टोकाच्या वळत्या सांध्यावर. सपाट जागा, चाकांना दोन्हीकडून विटा, हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, चावी खिशात. खाली जा, क्रॉसच्या एका बाजूचा योक (लोखंडी पंजा) एका हातात, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या हातात, आणि कपडा पिळतो तसा उलटसुलट पिळा. दोन हातांच्या मधे हालचाल जाणवली तर क्रॉस गेला. दोन्ही हात एकत्रच हलतात आणि हालचाल डिफरन्शियलच्या तोंडाशी होते, तर तो क्राऊन-पिनियनचा प्ले, थोडा असणारच. क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाची लाल पूड दिसली तर आत ग्रीस संपलंय. हळू चालताना चिमणीसारखं चीं-चीं येत असेल तर त्याचंच.

आधी ग्रीस मारून बघा, क्रॉसला आणि मधल्या सरकणाऱ्या दातेरी सांध्याला, म्हणजे स्प्लाइनला, जिथे ग्रीसचं नीपल असेल तिथे. गेल्या पावसाळ्यात कळव्याहून एक गाडी आली होती, बाहेर गिअरबॉक्सचं एस्टिमेट मिळालेलं, आम्ही पाच नीपलांना ग्रीस मारलं, स्प्लाइनमधून आधी गंजाचं पाणी आलं, मग काळं, मग ताजं, आणि ठक् पाऊण कमी झाला. ग्रीसने नाही भागलं तर क्रॉस बदला. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना आणि स्प्लाइनला पंचने किंवा पेंटने खूण करून घ्या आणि ही खूण तुमच्यासमोर करायला लावा. स्प्लाइन एक दात इकडेतिकडे बसली की दोन्ही क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी सत्तरला थरथरायला लागते, मग नवीन शोध सुरू.

क्रॉस ठीक असतील तर इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग. बॉनेट उघडा, ब्रेकवर पक्का पाय, एकाने आत बसून पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये क्लच जेमतेम सोडायचा, तुम्ही बाजूला उभं राहून बघा, समोर नाही. इंजिन थोडं झुकणारच, पण उडी मारून आदळत असेल तर रबर गेलं. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतील तर यू बोल्ट एकदा पान्याने टाइट करून बघा, फुकटातला उपाय आहे.

गिअरबॉक्सचं बोलायचं तर एकच सोपी परीक्षा. गाडी उभी, न्यूट्रल, क्लचवरून पाय काढलेला, तेव्हा खरखर येते आणि क्लच दाबला की जाते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा ड्युअल मास फ्लायव्हील असलं तर ते. क्लच दाबल्यावरच येते तर रिलीज बेअरिंग. तुमच्या प्रश्नात यातलं काहीच नाही, त्यामुळे तिसऱ्या गॅरेजने गिअरबॉक्स कशावरून काढला ते मला कळलेलं नाही.

ज्या आवाजांवर गाडी पुढे चालवायची नाही ते असे: ऑइलच्या दिव्यासोबतची जड ठकठक, स्पीडबरोबर वाढणारी फ्लोअरची थरथर आणि तिच्यासोबत खणखण, आणि चाक धरून हलवलं तर हाताला डुगडुग लागणारा हब. शाफ्ट सुटून जमिनीत रुतला तर काय होतं ते घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर मी एकदा बघितलंय, परत बघायचं नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा. या शनिवारी टायरची तारीख आणि तळहात, सगळ्या नीपलांना ग्रीस, तिन्ही ऑइलं बघणं, म्हणजे पुढचं डिफ, मागचं डिफ, आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा डबा. ट्रान्सफर केसचं ऑइल वेगळं असतं, चेनवाल्या बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल, लागतं, डिफचं जाड ऑइल तिथे ओतू देऊ नका. रविवारी पाम बीच आणि खडू. सोमवारी सकाळी गाडी थंड असताना पाइप आणि बॅटरी घेऊन मॅनिफोल्ड आणि इंजेक्टर. माझा अंदाज, न बघता सांगतोय म्हणून अंदाजच, की घुमणं टायरचं, कट-कट अडकलेल्या हबची, ठक् सुकलेल्या क्रॉसचा आणि टकटक गॅस्केटची. चारपैकी एखादा चुकेल माझा. पण चारही चुकले तरी यातल्या एकाही परीक्षेने गाडी बिघडत नाही, आणि इंजिन एकदा उघडलं की ते कंपनीने बसवलेलं राहत नाही.

व्हिडिओ पाठवणार असाल तर फोन हातात धरून बॉनेटभर फिरवू नका, एका जागी वीस सेकंद ठेवा, मग दुसऱ्या जागी. आयडलला एकदा, दोन हजारावर एकदा. आरपीएमचा काटा दिसला पाहिजे. आणि मागच्या वेळी पाठवलात त्यात गाणी चालू होती, ती बंद करा, मी दहा मिनिटं ढोलकीला टॅपेट समजून ऐकत बसलो.